उसना कान

"बोलू द्या तिले. मधात बोलू नका."

इंजिन सुरू झालं की ते उजवा हात असा वर धरायचे, चौकातल्या पोलिसासारखा, आणि शेडमधल्या सगळ्यांना गप्प करायचे. सगळे म्हणजे कोण, तर चहाचा कप घेऊन उभ्या वहिनी, म्हणजे त्यांची बायको, एखादा जुना विद्यार्थी, आणि कुंपणापलीकडून वाकून पाहणारी मी. पाच मिनिटं कोणी खोकायचंसुद्धा नाही. एकदा वहिनींनी त्या पाच मिनिटांत "गॅस संपला" एवढंच सांगितलं, तर म्हणाले, "गॅस पुन्हा भेटन. हे पुन्हा नाई भेटत." वहिनींनी तो चहा मोरीत ओतला आणि दिवसभर अबोला धरला.

'तिले' म्हणजे गाडीला, हे तुम्ही ओळखलंच असेल.

अमरावतीत बडनेरा रोडच्या आत एक जुनी कॉलनी आहे, तिथं आमची घरं शेजारी शेजारी. ते आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिकचा ट्रेड शिकवून रिटायर झालेले. मी मुलींच्या शाळेत एकतीस वर्षं संगीत शिकवलं, म्हणजे बेसूर गाणाऱ्या पोरींना रागावले. त्यांचं नाव मी सांगणार नाही. कॉलनी त्यांना गाडीवाले सर म्हणायची, मी नुसतं सर म्हणत असे, आणि ते मला बाई.

गाडीला दोनच दारं. नाक एवढं लांब की गेटातून आधी नाक यायचं आणि बऱ्याच वेळानं सर. रंग बाटलीसारखा गडद हिरवा, तारांची चाकं, लाकडी स्टिअरिंग. सहा सिलिंडर आणि तीन कार्बोरेटर. साठ सालाच्या आसपास विलायतेत बनलेली, आणि तरी तिच्यावर कुठं ओरखडा दाखवा म्हटलं तर तुम्हाला दाखवता आला नसता. दर लग्नसराईत कोणीतरी भाड्यानं मागायला यायचंच. "नवरदेवाले घोड्यावर बसवा," सर दारातूनच सांगायचे. "हे लगनाची गाडी नाई. लांब जायाची गाडी हाय. हिले रस्ता लागते."

मला गाड्यांतलं काही कळत नव्हतं. मला रिक्षा आणि एसटी एवढंच ठाऊक. पण त्या गाडीत बसून बडनेरा ओलांडलं, सरांनी शेवटचा गिअर टाकला, की इंजिनाचा आवाज वाढायचा नाही, उलट खाली उतरून एका जागी स्थिर व्हायचा. चांगला गायक षड्जावर येऊन बसतो ना, तसा. दोन्ही बाजूंनी कपाशी मागं जात असायची आणि आपण जागचे हललोच नाही असं वाटायचं. अकोल्याला उतरल्यावर थकवा नाही, उलट वाटायचं आता तसंच शेगाव करून यावं. लोक तिच्या रूपावर जायचे. तिची खरी मजा अशी बसल्यावर कळायची.

दर रविवारी सकाळी अमरावती ते अकोला आणि परत. पाऊस असो, ऊन असो, घरी पाहुणे असोत. "उभी राह्यली का गेली," असं त्यांचं साधं गणित. एका रविवारी त्यांच्या साडूकडं लग्नाचं जेवण होतं, तरी आधी अकोला झालं आणि मग पंगत.

आमची ओळख भांडणानं झाली. शनिवारी सकाळी माझा गाण्याचा क्लास, आणि त्याच वेळी भिंतीपलीकडं त्यांची कार्बोरेटरची जुळवाजुळव. तानपुरा लावला की तिकडून घों सुरू. महिनाभर सोसलं, मग एका शनिवारी पदर खोचून गेलेच. "एक तर बंद करा ते, नाही तर सुरात तरी वाजवा!" मी ओरडले. "त्या तीन आवाजांतला मधला उतरलाय, तुम्हाला कळत कसं नाही?"

त्यांच्या हातात फवारणीच्या पंपाची रबरी नळी होती. एक टोक कार्बोरेटरच्या तोंडाशी आणि दुसरं कानात. तिन्ही कार्बोरेटर हवा ओढताना फुसफुसतात, तिघांची फुसफूस सारखी झाली की इंजिन सुरात. त्यांनी नळी मधल्याला लावली. उजव्या कानानं ऐकलं. मग डाव्या कानानं ऐकलं. माझ्याकडं पाहिलं.

"तुमाले तिथून आयकू आलं?"

"बहिरी नाही मी!"

त्यांनी स्क्रू अर्धा फिरवला. मी म्हटलं, अजून. त्यांनी अजून जरासा फिरवला. मी म्हटलं, बस्. इंजिन बंद करून ते तसेच उभे राहिले, आभार नाही की काही नाही. मी मोठ्या तोऱ्यात घरी आले आणि पोरींना सांगितलं, बघा, कान असावा तर असा. देवा, त्या तोऱ्याची आता आठवण आली तरी तोंडात मारून घ्यावंसं वाटतं.

दुसऱ्या दिवशी ते कागद घेऊन आले. कानाच्या तपासणीचा रिपोर्ट होता. उजवा कान जवळजवळ गेलेला, आणि डावाही त्याच वाटेवर. बेचाळीस वर्षं इंजिनाशेजारी उभं राहिल्याचं बक्षीस, असं डॉक्टर म्हणाले होते. मशीन लावून पाहिलं होतं. "मशीनीतून माणसं आयकू येतात," ते म्हणाले. "गाडी नाई. गाडी मंजे नुसता पत्र्यावर गारांचा सडाका."

मग अगदी खाली मान घालून: "बाई, तुमचा कान मले उसना द्या."

हसू आलं मला. मेथीची जुडी मागावी तसा कान मागत होते. पण त्यांच्या चेहऱ्याकडं पाहिलं आणि हसू गिळलं. त्यांनी समजावलं. या गाडीचे पार्ट कुठं मिळत नाहीत, जे मोडतं ते ते स्वतः लेथवर घडवतात. पुस्तक नाही, कॉम्प्युटर नाही. काय बिघडतंय ते मोडायच्या आधी कळायला हवं, आणि ते फक्त कानानं कळतं. "माया कान गेला का ती गेली. आन् पोराइले सांगू नका. लेकाचे लांबून लांबून येतात, सर आयकून सांगा काय झालं मनून. येनं बंद करतीन."

तर असा मी कान दिला. साठीला आलेली संगीत शिक्षिका इंजिन शिकायला बसली. बेरिंग वाजलं तर कसं, वॉल्व्ह वाजला तर कसा, साखळी ढिली झाली तर कशी. सर पान्यानं ठोकून दाखवायचे आणि मी परीक्षेसारखी उत्तरं द्यायची. चुकले की म्हणायचे, "नापास." मला जन्मात कोणी नापास केलं नव्हतं. दर रविवारी मी पुढं त्यांच्या डावीकडं, आणि वहिनी मागच्या सीटवर, जिथं दोन पोरं कशीबशी मावतील. कॉलनीत कुजबुज नको म्हणून वहिनी यायच्या. "मी चौकीदार," असं म्हणत पाय दुमडून बसायच्या आणि मूर्तिजापूर येईपर्यंत घोरायच्या.

चालत्या गाडीत त्यांना माझं बोलणं नीट ऐकू यायचं नाही. म्हणून एक खूण ठरली. काही वेगळं ऐकू आलं की मी त्यांच्या सदऱ्याची डावी बाही ओढायची. बाही ओढली की ते पाय उचलणार, गाडी कडेला घेणार. मग बाकीचं बोलणं. दोन वर्षांत मी सात-आठ वेळा तरी बाही ओढली असेन. एकदा नुसता एक खिळा चाकात होता, एकदा पंख्याचा पट्टा. दर वेळी माझं खरं निघालं. ते लोकांना सांगायचे, "बाईचा कान मंजे कोर्टाचा निकाल."

आणि त्यांचा डावा कान जातच होता. लसणाचं तेल झालं, अकोल्याचा मोठा डॉक्टर झाला, कोणीतरी सांगितलं म्हणून कुठलासा पाला ठेचूनही झाला. काही उपयोग नाही. मग त्यांनी एक नवंच सुरू केलं. दुपारी शेडचं दार ओढून गाडी सुरू करायची आणि स्टुलावर बसून डावा कान बॉनेटला लावून ऐकत राहायचं. धूर कोंडतो म्हणून वहिनी दार उघडायच्या, हे पुन्हा लावायचे. मी एकदा रागावले, "जीव द्यायचाय का?" तर म्हणाले, "साठवून राह्यलो, बाई. पुढं लागन."

मी घरी येऊन रडले. सांगते ना, लपवायचं काय त्यात.

आता त्यांच्या आईचं सांगायला हवं, कारण सगळं तिथंच येऊन ठेपतं. आजी अकोल्याला धाकट्या मुलाकडं राहायच्या. नव्वदीच्या पुढं, काटक, डोळे तिखट. ही गाडी मुळात अकोल्याच्या एका कापसाच्या जिनिंगवाल्या शेठची. सरांचे वडील त्या जिनमध्ये कामाला, आणि रोज सकाळी गाडी धुणं हे त्यांचं काम. एकोणीस वर्षं धुतली. आतली सीट पुसायची तीही बाहेर उभं राहून, वाकून. आत बसायचं नाही, असं कोणी बोललं नव्हतं, बोलायची गरजही नव्हती. त्यांच्या वस्तीतल्या माणसानं शेठच्या सीटवर बसायचं नसतं हे सगळ्यांना ठाऊकच होतं. शेठ गेले, जिन बंद पडली, गाडी रुईच्या धुळीखाली वीस वर्षं उभी राहिली, आणि शेठच्या नातवानं ती भंगारवाल्याला बोलावून दाखवली. सरांना कळलं तेव्हा ते आयटीआयमधून तसेच, काळ्या हातांनी, अकोल्याला धावले. गाडी बैलगाडीला बांधून त्यांनी ओढत आणली आणि सात वर्षं खपून उभी केली.

आजी मात्र त्या गाडीत कधी बसल्या नाहीत. रविवारी सर अकोल्याला गेले की आजी ओट्यावर यायच्या, मुलाच्या तोंडावरून हात फिरवायच्या, माझी चौकशी करायच्या, आणि गाडीकडं बघायच्यासुद्धा नाहीत. सर दर वेळी म्हणायचे, "माय, चाल ना अमरावतीले." उत्तर ठरलेलं. "त्या गाडीनं तुया बापाले जलमभर वाकवलं. मी बसत नसतो तिच्यात. न्यायचं तं यस्टीनं ने."

आणि एका रविवारी त्या लुगडं बदलून, बटवा कंबरेला लावून ओट्यावर तयार बसलेल्या. आम्ही तिघंही बघत राहिलो.

"येतो मी," आजी म्हणाल्या. "तुले थोडंफार आयकू येतं तवरच येतो. मंग मी बोललेलं तुले कुठं आयकू येइन?"

सरांनी त्यांना पुढच्या सीटवर, स्वतःच्या डावीकडं बसवलं. म्हणजे जो एक कान उरला होता, त्याच्या बाजूला. मी मागं, वहिनींशेजारी, गुडघे हनुवटीला. निघताना सरांनी मान वळवून मला सांगितलं, "बाई, आज मी मायकडं पाहीन. गाडी तुमच्याकडं." मी हो म्हटलं.

अकोल्याच्या बाहेर पडेपर्यंत आजी दाराची कडी घट्ट धरून होत्या. मग हात सुटला. बोरगाव मंजूच्या थोडं अलीकडं त्यांनी सीटवरून तळवा फिरवला, आणि सरांच्या कानाशी तोंड नेऊन मोठ्यानं बोलायला लागल्या.

"बसला होता रे एकदा तुया बाप."

"काय?"

"बसला होता! शेठ दुपारचा झोपला होता. मी भाकर घेऊन गेली तं हा आत. इथंच, तू बसला तिथं. दार लावलेलं. काचीतून मले हात दाखवला, सायबासारखा. मी मनलं, ऊठ रे बापा, कोनी पाहीन. तं मनतो, थांब, जरा चालवून घेतो."

सर हसले. मी त्यांना असं हसताना कधी पाहिलं नव्हतं, खांदे हलवून, तोंड उघडं टाकून. वडिलांची ही गोष्ट त्यांना कोणी सांगितली नव्हती. सत्तरीच्या माणसाला बाप नव्यानं भेटत होता.

आणि त्याच वेळी मला तो आवाज आला.

खालून, खोलातून. टक. टक. टक. हलका, पण लयीत. मी ओळखला, बेरिंगचा. त्यांनी पान्यानं ठोकून शिकवलेला, आणि मी कधीही न चुकलेला. मी स्वतःला सांगितलं, रस्ता नवा सिमेंटचा आहे, त्याचे सांधे वाजतायत. पण सरांनी वळणावर पाय उचलला तेव्हा तो थांबला, आणि पुन्हा पाय दाबला तेव्हा पुन्हा आला. सांधे पायाचं ऐकत नसतात. मला कळलं होतं. खोटं कशाला बोलू?

माझा हात त्यांच्या बाहीपर्यंत गेला. अर्ध्या वितीचं अंतर राहिलं असेल.

आजी सांगत होत्या. त्या दुपारी सरांच्या बापानं तोंडानं इंजिनाचा आवाज काढला, घुर्र घुर्र, आणि आजी बाहेर उभ्या राहून हसून हसून भाकरीवर बसल्या. सर "मंग? मंग?" करत होते. पोरासारखे. बाही ओढली असती तर गाडी कडेला, बॉनेट वर, आणि ती गोष्ट तिथंच तुटली असती. आजी पुन्हा त्या सीटवर बसल्या असत्या? सरांचा तो कान पुढच्या महिन्यात असता? मी म्हटलं, होऊ दे पुरी. मूर्तिजापूरला चहाला थांबूच, तेव्हा सांगू.

मूर्तिजापूरला सर चहाला थांबले नाहीत. आजी अजून बोलत होत्या. आवाज आता मला तळपायात लागत होता. मी हात मांडीवर ठेवला आणि ठेवूनच दिला. म्हटलं, अमरावती आलीच की. घरी पोचल्यावर सांगू. आपण माणसं किती गोष्टी घरी पोचल्यावर सांगायच्या म्हणून ठेवतो!

कुरुमच्या पुढं स्फोट झाल्यासारखा आवाज झाला. गाडीखालून तेल आणि लोखंडाचे तुकडे रस्त्यावर सांडत गेले. सरांनी ती कशीबशी कडेला घेतली. बॉनेट उघडलं, खाली वाकून पाहिलं, आणि तसेच मातीत बसले. इंजिनाच्या बाजूला माझी मूठ जाईल एवढं भोक पडलं होतं. तसं इंजिन आता भारतात शोधून मिळणार नव्हतं.

आजी लिंबाखाली पुलाच्या कठड्यावर बसल्या होत्या. कोणी काही विचारलं नव्हतं, तरी पुन्हा पुन्हा म्हणत होत्या, "मी बसली मनून झालं. मी कायले बसली बापा? मी बसली मनून झालं."

तेव्हा सांगायचं होतं. तिथं, त्या कठड्याशेजारी. आजी, तुमचं काही नाही हो, मी पापीण आहे. तोंड उघडलं होतं मी. पण सर उठून आले आणि वहिनींना म्हणाले, "बाईले पानी द्या, घाबरल्या त्या." मी पाणी प्यायले आणि गप्प बसले.

आजी तीन महिन्यांनी गेल्या. अकोल्याला त्यांच्या धाकट्या सुनेनं सांगितलं, शेवटपर्यंत तेच बोलत होत्या, गाडीत बसलेलं.

सरांनी इंजिन उतरवलं, एकेक तुकडा धुऊन शेडमध्ये सतरंजीवर मांडला, आणि चूक शोधायला बसले. स्वतःची. तेल बदलताना काही राहिलं का? बोल्ट कमी आवळला का? सकाळी बसायचे ते दिवस कलेपर्यंत. जेवण तिथंच, आणि बहुधा तसंच उरलेलं. विद्यार्थी म्हणाले, सर, दुसरं डिझेल इंजिन टाकून देतो, पळेल. "पयन," सर म्हणाले. "पन ते ती राहीन का?"

एकदा माझ्यासमोरच एका विद्यार्थ्याला सांगत होते. "माया पायाले लागलं होतं रे काई तरी. पेडल थरथरलं होतं. पन बाईनं बाही ओढली नाई. मनलं मंग रस्ताच असन. बाईनं आयकलं नाई मंजे नव्हतंच." मी तिथं उभी. हातात वाटी, त्यांच्यासाठी केलेल्या शिऱ्याची. ती वाटी ठेवून मी घरी पळाले.

पुढच्या सहा महिन्यांत डावा कानही पूर्ण गेला. आणि मग त्यांनी तो निकाल दिला, स्वतःविरुद्ध. चूक सापडली नाही, तरी ती आपलीच. आपल्या हातची विद्या गेली. विद्यार्थी गाडी घेऊन आला तर हात जोडायचे. "माया घरची मले वाचवता नाई आली. तुमची कायले मारू?" पाने, नळी, लेथ, सगळं एका पोराला देऊन टाकलं. वहिनी माझ्याकडं येऊन रडायच्या. "बाई, तुमी तरी समजावा ना. तुमचं आयकतात ते."

माझं ऐकतात! एका वाक्यात तो माणूस सुटला असता, आणि ते वाक्य माझ्याकडं होतं. का नाही बोलले, विचारा. भीती वाटली. कोर्टाचा निकाल म्हणणारा माणूस उद्या माझ्याकडं कसा पाहील, याची भीती. इतकी साधी, इतकी घाणेरडी भीती. रोज ठरवायचे, रोज उद्यावर ढकलायचे.

सरांना जाऊन आता दीड वर्ष झालं. झोपेतच गेले. वहिनी अकोल्याला दिराकडं राहायला गेल्या. गाडी अमरावती-अकोला रस्त्यावर एका हॉटेलासमोर उभी आहे, आत इंजिनाच्या जागी माती भरून शोभेची झाडं लावली आहेत, आणि येणारेजाणारे तिच्यासोबत फोटो काढतात. एसटी तिथून जाते तेव्हा मी दुसरीकडं बघते.

पण ते जाण्याआधी तीन आठवडे, एका बुधवारी दुपारी, मी गेले होते. वहीचा कागद फाडून, मोठ्या अक्षरात लिहून. "आवाज आला होता. मला ऐकू आला होता. मी बाही ओढली नाही. चूक तुमची नाही, आजींची नाही. माझी आहे."

सर शेडमध्ये टेबलाशी बसले होते. त्यांनी चष्मा लावून कागद वाचला. पुन्हा वाचला. मी शिव्यांची तयारी करून गेले होते, खरं सांगते, शिव्या मिळाल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

ते एवढंच म्हणाले, "कुठून?"

मी कागदाच्या मागं लिहिलं, बोरगाव मंजूपासून.

"बोरगाव मंजू," ते म्हणाले. बहिऱ्या माणसाचा आवाज वर-खाली होतो, तसा झाला होता. "तवा माय सांगून राह्यली होती."

मी मान हलवली. ते माझ्याकडं पाहतच राहिले. माझी त्यांच्या नजरेला नजर द्यायची हिंमत नव्हती, मी टेबलावरच्या बेरिंगच्या तुकड्यांकडं बघत होते. मग त्यांनी ते तुकडे हातानं बाजूला सारले, टेबल मोकळं केलं, आणि डावा तळवा फळीवर पालथा ठेवला.

"वाजवा," ते म्हणाले. "आला तसा."

मला कळायला वेळ लागला. मग मी बोटाचं पेर वाकवून फळीवर ठोकलं, त्यांच्या तळव्याशेजारी. टक. टक. टक.

"सुरुवातीले एवढा?"

मी हलकं केलं. त्यांनी डोळे मिटले. टेबलाखाली त्यांचा उजवा पाय जमिनीवर दाबला गेला होता, मला दिसत होतं. पाय उचलला की मी थांबायचे, दाबला की पुन्हा. चढ आला तेव्हा मी जोर वाढवला. गालांवरून पाणी वाहत होतं, त्यांच्याही आणि माझ्याही. त्यांचे ओठ हलत होते. "माय एवढं सांगून राह्यली होती," ते पुटपुटले. "एवढं."

वहिनी चहा घेऊन आल्या आणि दारातच उभ्या राहिल्या. माझं पेर सोलून निघालं होतं, फळीवर रक्ताचा ठिपका उमटला. मी हात काढून घेतला.

त्यांनी डोळे उघडले नाहीत.

"थांबू नका, बाई," ते म्हणाले. "अजून मूर्तिजापूर नाई आलं."